खंडेनवमीचा फोटो

२२ सप्टेंबर

झालं! हॉस्पिटलच्या माहिती सुरक्षेची प्रमुख — मी.

आमच्या ट्रस्टच्या अध्यक्षांना सगळे आप्पाच म्हणतात. त्यांनी अकरा वाजता केबिनमध्ये बोलावलं, पेढा पुढे केला आणि म्हणाले, "या खुर्चीत आजवर बाई बसली नाही. तुम्ही पहिल्या!" चौदा वर्षं रेवणसिद्ध सरांच्या हाताखाली काढली. सर तब्येतीचं कारण देऊन अचानक हीच खुर्ची सोडून गेले, निवृत्तीला अजून तीन वर्षं होती. त्या माणसाला मी कधी साधी शिंक आलेली पाहिली नाही.

खुर्ची खरं तर जोतिरामची. करकंबचा, माझ्याहून चार वर्षांनी सीनियर. सगळं हॉस्पिटल तेच धरून होतं. भीत भीत त्याच्या टेबलाशी गेले तर हा थंड. "अभिनंदन मॅडम. जरा सांभाळून ऱ्हावा, एवढंच म्हनतो." सांभाळून म्हणजे? कोणापासून? जळत असणार, दुसरं काय.

घरी आईला सांगितलं. "लई झ्याक झालं की गं वैजे! पर म्हंजे काम काय? वॉचमनगत राखण?" अगदी बरोबर ओळखलं. वॉचमनच. फक्त माझा चोर डोळ्यांना दिसत नाही.

२३ सप्टेंबर

भीती वाटते. कोणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

२६ सप्टेंबर

आज सर्व्हर रूम पहिल्यांदा "माझी" म्हणून पाहिली. यंत्रांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला — बॅकअप खात्याचा पासवर्ड, सरांच्या अक्षरात! म्हणजे सगळ्या कुलपांची एकच किल्ली, आणि ती दारालाच टांगलेली. या खात्यातून आत शिरलं की रक्तगटापासून ऑपरेशनच्या यादीपर्यंत काहीही बघता येतं. बदलताही येतं. कोणाला कुठलं रक्त चढवायचं, तेसुद्धा.

पासवर्ड बदलायचा तर सगळी सिस्टीम तासभर बंद ठेवावी लागते. आप्पांना फोन केला. "सणाच्या तोंडावर नको हो. दसरा झाला की बघू." कागद तरी काढते म्हटलं, तर जोतिराम म्हणाला, पाठ कुणालाच नाही, लिहून घेतल्याशिवाय काढू नका. उद्या करू म्हणून राहिलं.

सर रोजची नोंदवही लिहायचे, लाल कापडी बांधणीची. त्यात काहीही असायचं. "उंदीर दिसला. पिंजरा लावला." "चहा सांडला. पुसला." ती वही जागेवर दिसली नाही. आठवण म्हणून घेऊन गेले असतील.

२७ सप्टेंबर

सृष्टीला सर्व्हर रूमची साफसफाई करून घ्यायला पाठवलं. ही आमची सगळ्यात नवी इंजिनिअर, अवघी तेवीस वर्षांची. जाताना म्हणाली, "मॅडम, तुम्ही झालात म्हणून मला पण वाटायला लागलंय की आपणही होऊ शकतो." हसले. आतून मात्र हादरले. मी पडले तर एकटी पडणार नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सर्व्हरची पूजा! दरवर्षी सर करायचे, यंदा मी. फोन बाहेर ठेवा, आत चारच माणसं या, असं मी आधीच बजावलं होतं. माझं कोण ऐकतंय! आप्पा स्वतः फोटोग्राफर घेऊन आले. "पहिली बाई शस्त्रपूजा करतेय, सगळ्या सोलापूरला कळू दे." तीस-पस्तीस माणसं त्या खोलीत. कपाटाची दारं सताड उघडी, त्यावर झेंडूची माळ. मी गंध लावलं, नारळ फोडला. पाणी वायरवर उडू नये म्हणून बादलीत फोडला, त्यावरून सगळे हसले.

तेवढ्यात जोतिराम फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आला. "सरांची वही हाय मॅडम. पाटावर ठेवा. पूजा झाली की निवांत एकदा चाळा." मला बरं वाटलं. वाटतो तेवढा वाईट नाही. पाटावर ठेवली, वरून हळदकुंकू वाहिलं. पूजेतल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो, म्हणून शिपायाने ती पूजेच्या सामानासकट कपाटावर ठेवून दिली.

फोटो सुंदर आलाय. गेल्या दहा दिवसांत पहिल्यांदा स्वतःचा अभिमान वाटला. स्टेटसला लावला. हॉस्पिटलच्या फेसबुक-पानावरही आला. आईने तर शेजारच्या गंगम्माला, भाजीवाल्याला, वाटेत दिसेल त्याला दाखवला.

८ ऑक्टोबर

कोणीतरी आत येऊन गेलंय.

सिस्टीममध्ये कोण कधी शिरलं त्याच्या जुन्या नोंदी दुपारी चाळत होते. बॅकअप खात्यातून दोनदा प्रवेश. एकदा दसऱ्याच्या दिवशी — त्या दिवशी आमचं ऑफिस बंद! — आणि एकदा सोमवारी. दोन्ही वेळा बाहेरून. काही मोडलेलं नाही, काही नेलेलं दिसत नाही. नुसता फिरून गेलाय. त्याचीच जास्त भीती वाटते. चोरी करून गेला असता तर गेला म्हटलं असतं. हा नुसता बघून गेलाय, म्हणजे परत येणार.

त्याआधी काय झालं ते कळायला मार्ग नाही. नोंदी आठवडाभरच राहतात, पुढे आपोआप पुसल्या जातात.

कुणाला न विचारता तासभर सिस्टीम बंद केली आणि पासवर्ड बदलला. खाली ओपीडीत आरडाओरडा. पण एवढ्याने भागत नाही. आत आलेला माणूस दुसरं दार उघडून ठेवून गेला असेल, तर? सगळं बंद करून एकेक यंत्र तपासायला हवं, किमान एक दिवस. आप्पा म्हणाले, "परवा मीटिंग घेऊ." परवा! पण एक गोष्ट खटकली. ते दचकले नाहीत. मी फोनवर एकेक नोंद वाचून दाखवत होते आणि ते चहा पीत होते, कपबशीचा आवाज येत होता.

९ ऑक्टोबर

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पहाटे नळाला पाणी आलं, आज चार दिवसांनी. भरून झालं तसं आई चहा घेऊन फोन बघत बसली. तोच फोटो. दोन बोटांनी माझा चेहरा मोठा केला. "बघ की, डोळ्यात पाणी हाय तुज्या." मी बघायला वाकले. माझ्या कानामागे उघडं दार. दारावर कागद. आई बोटं फाकवत गेली आणि सरांचं अक्षर मोठं मोठं होत गेलं. शेवटच्या आकड्यापर्यंत स्पष्ट!

तिथेच ओल्या फरशीवर बसले. आई म्हणाली, "काय झालं गं? पित्त चढलं का?"

मी. मीच. सगळ्या गावाला किल्ली दाखवली, झेंडूची माळ घालून. फोटो सगळीकडून काढून टाकला. आता काढून काय उपयोग?

१० ऑक्टोबर

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाही.

मीटिंगला आप्पा, आणखी दोन विश्वस्त, जोतिराम, मी. आप्पांनी विचारलं, तो कागद कोणी कोणी पाहिला होता? जोतिरामने, मी... आणि साफसफाईच्या दिवशी सृष्टीने. आप्पा लगेच म्हणाले, "मग झालं तर. नवीन पोरगी, बाहेर कुणाजवळ तरी बोलली असणार. तिला घरी बसवा, विषय संपवा." आणि सिस्टीम बंद करायची गरज नाही म्हणे, पासवर्ड बदललाच आहे ना!

मी गप्प बसले. मनात एकच वाक्य फिरत होतं — बाईला दिलं की असं होतं, म्हणतील. पुढची वीस वर्षं म्हणतील. जोतिराम माझ्याकडे बघत होता, मी बघितलं की खाली बघायचा.

बाहेर सृष्टी उभी होती. "मॅडम, मी कुणालाच नाही सांगितलं. तुम्हाला तरी खरं वाटतं ना?" मी म्हटलं, "बघू."

बघू! लाज वाटते.

११ ऑक्टोबर

ताटावर बसले. भाकरी तशीच. शेवटी आईला सगळं सांगितलं — फोटो, कागद, ती पोरगी. मला वाटलं कुरवाळेल. ती म्हणाली, "भ्या वाटतंय तर वाटू दे की. मला का भ्या वाटत नव्हतं, तुला घेऊन मंगळवेढ्यातनं निगाले तवा? पर दुसऱ्याच्या लेकीला फुडं करून तू मागं दडायचं न्हाय. न्हायतर ही भाकरी बी खाऊ नगं." आणि खरोखर ताट उचललं!

उपाशीपोटी गेले. आप्पांच्या घरी, भर दुपारी. सगळं बोलले. फोटो माझा, स्टेटस मी लावलं, सृष्टीचा काडीचा संबंध नाही. आणि लेखी दिलं की आज सिस्टीम बंद केली नाही तर उद्या एखाद्या पेशंटला चुकीचं रक्त चढलं तरी जबाबदारी ट्रस्टची. तो कागद त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "करा बंद." कागद खिशात घालत, "आणि तुमचा राजीनामाही सोबत द्या. शोभेल ते." आवाजात राग नव्हता. सुटका झाल्यासारखे वाटले.

१२ ऑक्टोबर

तेवीस तास. सगळी नोंद कागदावर, नर्सेसनी वह्या काढल्या, रक्तपेढीत प्रत्येक पिशवीवर दोघींच्या सह्या. सृष्टी आणि मी एकेक यंत्र उघडत गेलो. रक्तपेढीच्या संगणकात सापडलं. दुसरं दार! उघडून ठेवलेलं. बंद केलं. कोणाला काही झालं नाही. कोणालाही काही झालं नाही, दोनदा लिहिते.

सृष्टीने मला डबा दिला, शेंगाचटणी आणि चपाती. मी तिला सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर

राजीनामा लिहिला. चार ओळी. पर्समध्ये ठेवलाय, उद्या द्यायचा.

संध्याकाळी टेबल आवरताना जोतिराम आला. उभाच राहिला. "मॅडम, ती वही चाळली का?" कुठली वही, म्हटलं. "सरांची. पूजेतली." मी म्हटलं, आता वह्या चाळून काय करू? तो म्हणाला, "दोन पोरं हायत मॅडम मला. तोंडानं बोलायचं धाडस न्हाय झालं." आणि गेला.

१४ ऑक्टोबर

कपाटावरून पूजेचं सामान उतरवलं. फडकं सोडलं. शेवटचं पान, सरांचं बारीक अक्षर:

"९ सप्टें. बॅकअप खात्यातून बाहेरचा माणूस आत आला आहे. आप्पांना सांगितले. बोभाटा नको म्हणाले. बंद करू देत नाहीत."

"१२ सप्टें. राजीनामा दिला. जोतिरामला पद विचारले. तो नाही म्हणाला."

"१५ सप्टें. वैजयंतीला देणार. तिला यातले काही सांगायचे नाही असे ठरले. मी गप्प बसलो."

माझ्या फोटोच्या बावीस दिवस आधी! घरात चोर आहे हे माहीत असून किल्ल्या माझ्या हातात दिल्या, वर पेढा.

राजीनामा फाडला. वहीच्या त्या पानाचा फोटो काढला — मागे काय दिसतंय ते नीट बघून.