बाकाच्या लाकडातलं चर्च

३ मार्च २०१४, सोमवार

आज माझ्या नवऱ्याची, ऑर्वलची करवत चालू केली. मी!

नोव्हेंबरपासून तिला कोणी हात लावला नव्हता. गॅरेजात एवढी थंडी की तोंडातून वाफ निघत होती. बटण दाबलं आणि ती घरघरायला लागली. तीस वर्षं भांडी घासताना भिंतीपलीकडून ऐकलेला तोच आवाज. मी कधी दार उघडून बघितलं नव्हतं आत काय चालतं ते. जेवायला हाक मारायची, तीही दाराबाहेरूनच.

प्लायवूडच्या तुकड्यावर सरळ रेघ मारली, कापायला घेतली. तीन पाती तुटली. दोऱ्याएवढी बारीक असतात मेली! रेघ एकीकडे, मी भलतीकडे.

आत आले तर ऑर्वल चाकाच्या खुर्चीत, खिडकीशी. माझ्या बाहीवरचा भुसा बघितला. "नाही," म्हणाला.

म्हणजे काय, देव जाणे. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्याकडे हा एकच शब्द उरलाय. कॉफी हवी असली तरी "नाही", नको असली तरी "नाही". तोंड बघून ओळखायचं.

५ मार्च

नीट लिहून ठेवते. नाहीतर उद्या मलाच वाटेल, म्हातारीला वेड लागलं.

आमचं टेकडीवरचं चर्च २९ जूनला बंद होतंय. रविवारी जेमतेम एकोणीस माणसं येतात. छपराला खर्च कोण करणार? सगळे खाली गावातल्या चर्चमध्ये जाणार. आठवण म्हणून मागच्या उन्हाळ्यात मंडळींनी ऑर्वलला एका बाकाची फळी दिली, त्यात चर्च कोरून द्यायचं, ते गावातल्या भिंतीवर लागेल. फळी सगळ्यांत पुढच्या बाकाची. "शंभर वर्षांत पुढे कोणी बसलंच नाही," ऑर्वलचा मित्र व्हर्नन म्हणाला होता, "लाकूड अगदी कोरं आहे!"

ऑर्वलने फळी पातळ केली, नमुन्याचा कागद चिकटवला. दोनशे चौदा भोकं कापायची. मनोरा, घंटा, डावीकडच्या खिडक्या, दफनभूमीतलं झाड झालं. एकशे एकतीस. १९ नोव्हेंबरला कॉफी प्यायला आत आला. कप उचलला आणि हातातून सुटला. मी ओरडले, "अरे, लक्ष कुठेय!" त्याला झटका येत होता, आणि हे माझं वाक्य.

परवा पास्टर ग्वेन फोनवर म्हणाल्या, "अर्धवट असलं तरी लावू. लोक समजून घेतील." मला ते ऐकवेना. अर्धं चर्च आणि अर्धा कागद! ऑर्वलची कीव करायला लोकांना आता तेवढंच निमित्त हवंय का?

८ मार्च

व्हर्नन बाक्केला बोलावलं. ऑर्वल आणि तो एकाच क्लबातले. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आपापली कामं टेबलावर मांडून एकमेकांच्या कामात चुका काढायच्या, हा त्यांचा क्लब. त्याला सांगितलं, उरलेलं मी कापणार. हसला नाही. टोपी काढून डोकं खाजवलं.

"फळी एकच आहे, अर्डिस."

"माहितेय."

"चुकलीस तर दुसरा बाक नाही."

"माहितेय म्हटलं ना!"

मग शिकवायला बसला. "ढकलतेस कशाला? कुत्र्याला फरफटत न्यायचंय का? पात्याला खाऊ दे लाकूड. तू फक्त कुठे जायचं ते दाखव."

१७ मार्च

प्लायवूडवर एक पान कापलं. पानासारखं दिसतं. ऑर्वलला दाखवलं नाही.

२ एप्रिल

बाकाच्या फळीला हात घातला.

पातं खालून बारीक भोकातून ओवायचं, वर अडकवायचं, ताणायचं. बोटाने छेडलं की तारेसारखं टण् वाजलं पाहिजे. व्हर्नन म्हणाला मी बाहेर थांबतो, आणि खरंच गाडीत जाऊन बसला.

एक खिडकी. चाळीस मिनिटं. कापलेला तुकडा खाली पडला तेव्हा श्वास घेतला.

ब्याऐंशी राहिली.

१२ एप्रिल

हे कोणाला सांगता येणार नाही. मला तिथे बरं वाटतं.

सकाळी उठवणं, पुसणं, औषधं, चमच्याने भरवणं, पाठीत कळ. आणि मग तो एक तास. रेघ आणि पातं, बाकी जगात काही नाही. या वर्षात मला बरं वाटेल अशी एकच जागा आहे आणि ती त्याची आहे. लाज वाटते.

रेनेचा फोन आला होता. लेक मिनिआपोलिसला राहते, काळजी तिथून करते.

"आई, तू बाबांना एकटं सोडून गॅरेजात जातेस?"

"तासभरच गं. ते झोपलेले असतात."

"तासाभरात काय काय होतं, आई."

तासाभरात कशाला, एका कपभर कॉफीत होतं. मी फोन ठेवला. रडले. मग गॅरेजात गेले.

२६ एप्रिल

मोडलं! कुंपणाची एक काठी, काडेपेटीतल्या काडीएवढी. पातं वळवताना खाड् झालं. तुकडा भुशात पडला. गुडघ्यांवर बसून पाऊण तास शोधला. शेवटी सापडला. डिंक, चिमटा, आणि रात्रभर हात लावायचा नाही असं स्वतःला बजावलं.

२७ एप्रिल

चिकटली. माहीत असेल त्यालाच दिसेल.

२० मे

संपलं. दोनशे चौदा.

व्हर्ननने कागद सोलून काढला, मी तेल लावलं. ओक लाकडाचा रंग वर आला आणि एकदम सगळं चर्च उभं राहिलं: मनोरा, पायऱ्या, दोन्ही बाजूंची झाडं. व्हर्नन पुन्हा डोकं खाजवायला लागला. "नाव ठेवायला जागा शोधतोय," म्हणाला, "सापडेना."

ऑर्वलच्या मांडीवर ठेवलं. त्याने डाव्या हाताचं बोट मनोऱ्यावरून खाली आणलं, दारावरून उजवीकडे नेलं. पहिल्या उजव्या खिडकीपाशी बोट थांबलं. माझी पहिली खिडकी. तिथून पुढे एकेक भोक चाचपत गेला. मोडलेली काठीसुद्धा त्याला सापडली! तिथे बोट बराच वेळ होतं.

"नाही"सुद्धा म्हणाला नाही. माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसला.

३ जून

आज मी खोटं बोलले.

पास्टर ग्वेन आल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर चर्च बघून तोंडावर हात ठेवला. "अहो, हे तर पूर्ण आहे! आजारी पडायच्या आधीच करून ठेवलं होतं का त्यांनी?"

मी म्हटलं, "हो. फक्त तेल लावायचं राहिलं होतं."

कुठून आलं ते तोंडात? ऑर्वल आत झोपला होता. व्हर्नन कॉफी ढवळत होता. त्या गेल्यावर म्हणाला, "हे कशासाठी?"

"त्याचं काम आहे ते."

"एकशे एकतीस त्याचं आहे."

"लोकांनी त्याच्याकडे कीव करून बघावं असं मला वाटत नाही, व्हर्नन. एवढंच."

"तू बघतेस कशी त्याच्याकडे?"

मी कप उचलून धुवायला घेतले. मेल्याला काय करायच्यात नसत्या चौकशा!

४ जून

आणि आज दुसऱ्यांदा. इंटरनेटवर या करवतवाल्यांची एक जागा आहे. जगभरचे लोक आपलं काम तिथे दाखवतात. ऑर्वल रोज सकाळी तिथे असायचा. त्याच्याच नावाने फोटो टाकला. खाली लिहिलं, "पूर्ण झालं." कोणी पूर्ण केलं ते लिहिलं नाही.

दुपारपर्यंत साठ जण बोलले. "ऑर्वल, आहेस कुठे इतके महिने?" "हात अजून तसाच आहे रे तुझा!" ओरेगॉनमधल्या एकाने विचारलंय, "उजवीकडच्या खिडक्यांचे कोपरे इतके नाजूक कसे काढलेस? शिकव की."

हे वाचून मला आनंद झाला. खोटं उघडं पडेल ही भीती नंतर आली. आधी आनंद झाला! काय बाई आहे मी.

२९ जून, रविवार

चर्च बंद झालं.

बाहेर गाड्या उभ्या करायला जागा नव्हती. दहा वर्षं न आलेले सगळे आज आले, रडायला. ऑर्वलला निळा कोट घातला. रेनेने टाय बांधला. त्याची खुर्ची सगळ्यांत पुढे ठेवली, जिथला बाक काढला होता तिथे.

प्रवचनानंतर पास्टर ग्वेननी लाकडी चर्चवरचं कापड बाजूला केलं. सगळ्या चर्चभर "आहा" झालं. मग त्यांनी हातातली पत्रिका वाचली, सगळ्यांच्या हातात होतीच: "या चर्चची स्मृती म्हणून, ऑर्वल स्कार यांची शेवटची कलाकृती." लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. आमच्याकडे चर्चमध्ये टाळ्या कोणी वाजवत नाही.

ऑर्वलने डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटला. "नाही!" पुन्हा आपटला. "नाही! नाही! नाही!" मान लाल झालेली, डोळ्यांत पाणी. लोकांना वाटलं भरून आलं त्याला. टाळ्या आणखी वाढल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "बिचारा!"

मला कळलं. माझ्या खोट्याची त्याला लाज वाटत होती. सत्तर वर्षं कोणाचा एक खिळा न ढापलेला माणूस, आणि मी त्याच्या नावावर दुसऱ्याचं काम चढवलं. उठून उभं राहायचं आणि सांगायचं, एवढंच होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि "शूऽऽ" म्हटलं. पोराला करतात तसं.

त्याने माझा हात झटकला.

३० जून

खिडकीकडे तोंड करून बसलाय. जेवण परत.

२ जुलै

गावात जाऊन पास्टर ग्वेनना सगळं सांगितलं. भिंतीवर चर्च टांगलेलं होतं, खाली त्याच्या नावाची पितळी पट्टी. बोट ठेवून दाखवलं, इथून इथपर्यंत त्याचं, इथून पुढे माझं. ही काठी मी मोडली होती.

त्यांनी त्या काठीवरून बोट फिरवलं. "तुमचं नाव का लपवलंत?"

"त्याचं राहावं म्हणून."

"आणि त्यांना विचारलंत का?"

"तो बोलत नाही, पास्टर."

"ते मला माहितेय," त्या म्हणाल्या. "मी म्हणाले, विचारलंत का."

संध्याकाळी इंटरनेटवरही लिहिलं. ऑर्वलला नोव्हेंबरमध्ये झटका आला. उजवा हात आणि बोलणं गेलं. त्र्याऐंशी भोकं मी कापली. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, चूक झाली. अर्डिस स्कार. स्वतःचं नाव टाइप करताना विचित्र वाटलं.

५ जुलै

उत्तरं आली. एकाने लिहिलं, आजारी माणसाच्या नावावर शाबासकी घेणं बरं नव्हे. बरोबर आहे त्याचं. बाकीचे ऑर्वलची चौकशी करताहेत. ओरेगॉनवाल्याने लिहिलं, "मग बाई, ते कोपरे तुम्हीच शिकवा."

सगळं ऑर्वलला वाचून दाखवलं. शिव्या घालणारा आधी. माझ्याकडे असा बघत होता, जणू मी भलत्याच गोष्टीबद्दल बोलतेय. "नाही," म्हणाला. दमलेला "नाही" होता.

८ जुलै

आज विचारलं. पत्रिका त्याच्यासमोर ठेवली, डाव्या हातात पेन्सिल दिली. "ऑर्वल, यात खोटं काय आहे ते खोड. मी काही बोलणार नाही." वाटलं, नावच खोडणार. पेन्सिल कागदावर आली, नावावरून पुढे गेली, आणि 'शेवटची' या शब्दावर आडवी रेघ मारली. मग दुसरी. कागद फाटेपर्यंत.

उद्या व्हर्ननला बोलावते. करवतीच्या स्टँडचे पाय चार इंच कापायचे, चाकाच्या खुर्चीत बसून त्याचा हात पोचेल एवढे.