विरजण

३ जून
पोचलो एकदाच्या, मी आणि माझी चार वर्षांची लेक चिमी. राहायची खोली वर, प्रयोगशाळा खाली. आणखी काय हवं? खाली एक पोटफुगा चंबू आहे. त्यात गरम पाणी, चार वायू आणि विजेच्या ठिणग्या. निर्जीव रसायनांतून जीव आपोआप जुळतो का, एवढंच बघायचं. काच धुणारे काका म्हणाले, तीन शास्त्रज्ञ येऊन गेले, चंबू मात्र तोच. मी म्हटलं, चौथी चिवट आहे.

५ जून
पाणी तपकिरी झालंय, वर साय. नमुना घ्यायच्या नळीचा रबरी फुगा फाटलेला, म्हणून तोंडानंच ओढलं. कॉलेजातली खोड, जित्याची खोड. थेंबभर जिभेवर आलं, खारट. चूळ भरली. सगळं उकळलेलं, त्यात काय असणार?
चिमीचं नवं खूळ: मी पहिला घोट घेऊन दूध उष्टं केल्याशिवाय ती पेल्याला तोंड लावत नाही. लाडोबा माझी.

९ जून
काकांवर चिडले. दर प्रयोगाला चंबू धुऊन उकळायचा, हा नियम. ते म्हणाले, धुतो की, पण जुन्यातलं चमचाभर राखून उकळल्यावर नव्यात घालतो. विरजणाशिवाय कधी काही लागतं का, ताई? तेवीस वर्षं घालतायत. म्हणजे तेवीस वर्षं जे तगलं, तेच पुढे गेलं. आधीचे तिघे कुठे गेले विचारलं. वारले म्हणाले, आणि बाटल्या विसळू लागले.
त्यातला एक थेंब माझ्या जिभेवर आला होता.

१० जून
चिमीनं काल टाकलेलं दूध सकाळी घट्ट झालेलं. तपकिरी. बोट जवळ नेलं, तर साय बोटाकडे सरकली. बोट हलवलं — तीही वळली.
माझं उष्टं. पाच दिवस मीच तिला —

११ जून, सकाळ
नवा पेला, उकळलेला. नवं दूध. मी तोंड लावलं नाही. चिमी रडली, मग दोन घोट प्यायली. उरलेलं खिडकीत ठेवलंय. माझं काय व्हायचं ते होवो. हे पातळ राहू दे.

दुपार
पांढरं आहे. पांढरंच आहे. काकांना सांगितलं, चंबू फोडा. ते बाटल्याच विसळत राहिले.

चार वाजता
चिमी विचारतेय, दूध कुठंय. पेला कलता केला —
सांडत नाही —
माझं उष्टं नाही हे, तिचं — तिचंही लागलं —