भाऊ म्हणजे कोण

७ एप्रिल, सोमवार

हर्षलला घेऊन धुळे. ७.१०ची एस.टी., ९.२७ला स्टँड. देवपुरातली कार्यशाळा पाहिली. त्याच्यासारखीच मोठी मुलं वह्या शिवतात, फायली बांधतात. हर्षलपुढे कागदांचा ढीग ठेवला. त्याने शंभर-शंभरचे नऊ गठ्ठे लावले. तिथल्या बाईंनी दोनदा मोजून बघितले. मी आधीच सांगितलं होतं, मोजू नका.

जागा देतात. २ जूनपासून. सोमवार ते शनिवार, राहायला शोभाताईकडे (सौ.ची धाकटी बहीण, तिथून चौथं घर). अट एकच, जळगाव-धुळे त्याने एकट्याने करायचं. बाई म्हणाल्या, बापाचं बोट धरून आलेला मुलगा बोटच शिकतो. वाक्य चांगलं आहे. राग आला.

डॉक्टरांच्या कागदावर ‘स्वमग्न’ लिहिलंय. तो शब्द मला पहिल्यापासून पटत नाही. हा स्वतःत कुठे मग्न असतो, हा पंख्यात मग्न असतो. १७ पूर्ण झाली. ही जागा गेली तर पुढे घर, गच्ची आणि पंखा. मी ५३. आमच्यामागे तो पंखा तरी कोण लावून देणार.

९ एप्रिल, बुधवार

दुपारनंतर दुकान बंद ठेवलं. प्रवासाच्या नियमांचा कागद केला. एकूण ११. यापुढे नि. १, नि. २ असं लिहीन.

माझं शिक्षण नववी. मोटारी भरायला कोणी शिकवलं नाही. जळालेली मोटार उघडायची, तारेचे वेढे मोजायचे, तेवढेच परत भरायचे. आज आयटीआय झालेले माझ्याकडे विचारायला येतात. हर्षलचंही तसंच. मोजून, नेमकं सांगितलं की तो चुकत नाही. चुकतो तो सांगणारा.

नि. ३: धुळे येईपर्यंत फोन बॅगेत. (खिडकीतून एक गेला आहे.) नि. ५: अनोळखी माणसाबरोबर जायचं नाही.

नि. ५ वर अडला. अनोळखी म्हणजे? ओळखीचा नसलेला. ओळखीचा म्हणजे? पाऊण तास. शेवटी व्याख्या केली. जो आपल्याला नात्याने हाक मारतो तो आपला. जो ‘ए’, ‘ओय’, ‘अरे’ म्हणतो तो अनोळखी. लगेच पटलं. लिहून घेतलं. सौ. पोळ्या लाटत होती, म्हणाली, "अहो, बघा बरं." काय बघू, ते तिला सांगता येईना. व्याख्या नेमकी आहे.

१३ एप्रिल, रविवार

नशिराबाद. जाऊन-येऊन, एकटा. मी मोटरसायकलवर मागे. तिकीट स्वतः काढलं, उतरला, रस्ता ओलांडला, परतीच्या गाडीत बसला. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मला जरा लागलंच ते.

१८ एप्रिल, शुक्रवार

एरंडोल. तेही जमलं. धाकट्या दिव्याने पेढे आणले. बारा वर्षांची पोर, म्हणते, "भाऊ आता माझ्या आधी कॉलेजला जाईल." हर्षलने पेढे मोजले.

२१ एप्रिल, सोमवार

पहिल्यांदा धुळे, एकटा. मी मागे गेलो नाही. ठरवून.

७.१० गाडी सुटली. ९.२५ला पोचायला हवी. ९.३१ शोभाताईचा फोन, गाडी आली, हर्षल त्यात नाही. कंडक्टर तिला म्हणाला, तो पोरगा होय, तो पारोळ्याला एका म्हाताऱ्याबरोबर उतरला, पोराच्या डोक्यावर पोतं होतं, मला वाटलं नातूच. हर्षलला फोन लावला. वाजतोय, उचलत नाही. एकोणीस वेळा.

मोटरसायकल काढली. सौ. मागे बसायला आली, तिला दिव्याजवळ थांब म्हटलं. पारोळा १०.५०. स्टँड, रसवंत्या, संडास, स्टँडमागची गल्ली. ११.४०ला अनोळखी नंबर. पारोळ्यापासून सात कि.मी.वरच्या एका खेड्यातून, त्या म्हाताऱ्याचा मुलगा. पोराच्या खिशातलं माझ्या नंबरचं कार्ड वाचून केला होता.

हर्षल ओट्यावर मांडी घालून जेवत होता. वरण-बट्टी. माझ्याकडे बघितलं आणि बट्टी कुस्करत राहिला. मी पायरीवर बसलो.

म्हातारा भला माणूस. उलट मलाच पाणी दिलं. "मी काय त्याले धरी नही लयनू. म्हन, भाऊ, हात लाव जरा, पोतं जड शे. तो उना. घरलोंग लयना. तुना पोऱ्या गुणी शे, भाऊ." म्हणजे धरून आणलं नाही, हात लाव म्हटलं तर हा पोतं घरापर्यंत घेऊन आला.

गावाबाहेर आल्यावर गाडी थांबवून विचारलं. का उतरलास?

"त्यांनी भाऊ म्हटलं."

फोन का नाही उचललास?

"धुळं आलं नव्हतं."

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

२२ एप्रिल, मंगळवार

कागद काढून बघितला. नि. ५ खालची व्याख्या, माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारलेल्या. घरात त्याला नात्याने हाक मारणारी एकच, दिव्या. भाऊ. आणि सगळा खान्देश एकमेकांना... पन्नास वर्षं इथे राहतो. हे मला सुचू नये?

आज दुकानात मोजलं. ९ ते १ मध्ये मला ३४ वेळा भाऊ म्हटलं गेलं. त्यातले नात्यातले शून्य. मी स्वतः ११ वेळा म्हटलं, त्यातला एक कुत्र्याला.

सौ.ने एवढंच विचारलं, "तो म्हातारा नसता आणि दुसरं कोणी असतं तर?"  तिला उत्तर नकोच होतं.

२४ एप्रिल, गुरुवार

नवा नि. १२. भाऊ म्हणणाऱ्याचं ऐकायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. पाच मिनिटांत पाठ. संध्याकाळी भाजीबाजारात नेऊन परीक्षा घेतली. घ्या भाऊ, या भाऊ, भाऊ पिशवी. नऊ जणांनी म्हटलं. हर्षल खांबासारखा सरळ. घरी येताना मी शीळ घालत होतो म्हणे. सौ. म्हणाली.

२५ एप्रिल, शुक्रवार

"भाऊ, जेवायला चल." दिव्या तीनदा म्हणाली. तो पंख्याखाली बसून राहिला. तिला वाटलं चिडलाय, पेन घेतलं म्हणून. पेन परत ठेवून आली. तिसऱ्या हाकेला माझ्या ध्यानात आलं. घास हातात तसाच.

त्याला सांगितलं, दिव्या सोडून. तो म्हणाला, दिव्या भाऊ म्हणते. हो, पण दिव्या सोडून. दिव्या भाऊ म्हणते. मग कपाळावर मुठी मारायला लागला. वीस मिनिटं. सौ.ने धरला. अपवाद त्याला सोसत नाही. एक ढिला केला की बाकीचे अकराच्या अकरा नियम ढिले होतात. हे मला माहीत होतं. तरी.

दिव्या म्हणाली, "मी हर्षल म्हणते ना, पप्पा. त्यात काय." आतल्या खोलीत सराव करत होती. हर्षल, जेवायला चल. हर्षल, जेवायला चल. आवाज वेगळाच येत होता.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

सौ. यंदा माहेरी गेली नाही. हर्षलला सोडून कशी जाऊ, म्हणे. मी आहे ना, म्हटलं. तिने आंबे पिळायला घेतले.

खापरावरच्या पोळ्या, आमरस. गच्चीच्या हुकाला झोका बांधला. दर आखाजीला दिव्या झोक्यावर आणि हर्षल मागे. बरोबर शंभर झोके, एक कमी नाही, एक जास्त नाही. आज सवयीने ओरडली, "भाऊ, झोका दे ना." तो पाठ करून उभा. टाकीकडे तोंड. लगेच तिने हर्षल म्हणून बघितलं, पण तोवर त्याने कान झाकले होते. ती उतरली. झोका आपोआप हलत होता, तो तिने हाताने थांबवला.

सौ. जिन्यात उभी. म्हणाली, "बरोबर निघाला की तुमचा नियम."

आमरस गोड लागला नाही. आंबा चांगला होता.

५ मे, सोमवार

धुळे, दुसरा प्रयत्न. यावेळी मागे गेलो. मोटरसायकल, बसपासून दीडशे फूट.

एरंडोलच्या पुढे टायर फुटला. ८.०२. मागून दुसरी गाडी आली. कंडक्टर दारातून म्हणाला, चला भाऊ, उतरा, मागच्या गाडीत बसा. सगळे उतरले. हर्षल नाही. रिकाम्या बसमध्ये चौथ्या बाकावर, मांडीवर बॅग, समोर बघत. कंडक्टर आत गेला. ऐक ना भाऊ, भाऊ तुलाच सांगतो.

मी लिंबाखाली उभा होतो. जाऊ नये, त्याचं त्याला कळू दे, म्हणून उभा होतो. चौदा मिनिटं. दुसरी गाडी भरून निघून गेली. मग कंडक्टरने दंडाला धरलं आणि हर्षल किंचाळला. तो आवाज आम्हा तिघांखेरीज कोणी ऐकू नये असं मला नेहमी वाटत आलं. आज हायवेवर ऐकला. दोन ट्रक थांबले.

मी गेलो. कंडक्टर वाईट नव्हता, घाबरला होता. म्हणाला, "आधी सांगायचं ना, भाऊ." हर्षलने मला बघून न बघितल्यासारखं केलं. माझ्याबरोबर यायलाही उठेना. कंडक्टरशी बोलताना मीही त्याला भाऊ म्हटलं होतं ना.

धुळे नाही. परत.

पोरगा पहिल्यांदा गेला तो माझ्या व्याख्येने. आज अडकला तो माझ्या नियमाने. मोटार दोनदा जाळली की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा येत नाही.

९ मे, शुक्रवार

देवपूरच्या बाईंचा फोन. तयारी कशी चालली आहे? सराव चालू आहे, उत्तम, म्हटलं. फोन ठेवल्यावर सौ. म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलताना आज पहिल्यांदा ऐकलं." टोमणा नव्हता. म्हणून जास्त लागलं.

शोभाताईचंही मन आता मागे सरतंय. तिच्या नवऱ्याचं तर आधीपासूनच. का सरू नये?

पाणी गरम करायचा विजेचा बंब चालू-बंद करायला हर्षलला दोन वर्षं लागली. हे शिकवायला किती लागतील याचा अंदाज करत होतो. आकडा माझ्या वयाच्या पुढे जातो.

१६ मे, शुक्रवार

दुकान बंद. कागद घेऊन त्याच्यासमोर बसलो. म्हटलं, नि. १२ चुकलाय. नि. ५ खालची व्याख्याही चुकलीय.

"कोणाची चूक?"

माझी.

पेन मागितलं. दोन्ही ठिकाणी समासात लिहिलं, ‘पप्पांची चूक’. अक्षर सुरेख आहे त्याचं. मग विचारलं,

"भाऊ म्हणजे कोण?"

सकाळभर विचार केला. शब्दकोश काढला. शेवटी सांगितलं, मला माहीत नाही. तुझं तू बघून ठरव. तो म्हणाला, बघून म्हणजे किती वेळ? काहीतरी आकडा द्यायला हवा होता. दहा म्हटलं. दहापर्यंत मोजायचं, त्या माणसाकडे बघायचं, मग ठरवायचं. धुळे यायच्या आधी कोणाबरोबर जायचं नाही, हे पुन्हा वेगळं लिहिलं.

दहाच का? बारा का नाही? आयुष्यात पहिल्यांदा अंदाजाने आकडा दिला, आणि तो पोराला दिला.

दिव्याला सांगितलं, आता तुला भाऊ म्हणता येईल. हो म्हणाली. रात्रीच्या जेवणाला हर्षल म्हणूनच बोलावलं. सवय लागली पप्पा, म्हणे.

२६ मे, सोमवार

धुळे, तिसरा प्रयत्न. मी मागे. पोचला. उतरला. शोभाताई स्टँडवर होती. पण वाटेत भाऊ म्हणायची वेळ कोणावर आली की नाही, मला बाहेरून दिसलं नाही. त्याला विचारलं तर म्हणाला, ५१ झाडं पांढऱ्या पट्ट्यांची. तेव्हा हे जमलं म्हणायचं की कोणी बोललंच नाही म्हणायचं. नोंद कोरी ठेवतो.

१ जून, रविवार

सौ.ने बॅग भरली. सहा शर्ट, आतून प्रत्येकावर माझा नंबर शिवला. मी म्हटलं, शाळकरी पोर आहे का? म्हणाली, नाही म्हणूनच.

तो पंख्याखाली बराच वेळ. उद्यापासून हा पंखा बंद राहील. हे मला वाटतंय. त्याला काय वाटतंय ते १७ वर्षांत कळलं नाही. जळालेली मोटार निदान उघडता येते.

२ जून, सोमवार

६.५० स्टँड. सौ. आली नाही, दारातूनच. मी सोडायला, पण मागे जायचं नाही असं बाईंना कबूल केलंय. यावेळी खरं.

दारापाशी गर्दी. हर्षल पायरीसमोर उभा. मागून हमाल, डोक्यावर खोकं. "सरक भाऊ." हर्षलने माझ्याकडे बघितलं. मी वेळापत्रकाच्या पाटीकडे बघत राहिलो. ओठ हलताना डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले. सातपर्यंत मोजून झालं होतं, तेवढ्यात हमाल खांद्याने ढकलून पुढे गेला. काहीतरी बोललाही. हर्षलने दहा पुरे केले, हमालाच्या पाठीकडे बघितलं, आणि सरकला. तिथे आता कोणीच नव्हतं.

दहा जास्त होतात. पण गाडी सुटायची वेळ झाली होती. नियम बदलायला वेळ नव्हता.

खिडकीची जागा मिळाली. चौथं बाक. हात हलवला नाही. कधीच हलवत नाही.

७.१२ गाडी सुटली, दोन मिनिटं उशिरा. म्हणजे ९.२७.

९.२७. फोन नाही.

९.३५. शोभाताईचा फोन लागत नाही. स्टँडवर रेंज कमी असते, सौ. म्हणते. तिला कसं माहीत?

९.४१. एक रिंग. एका गिऱ्हाइकाची, मोटार झाली का.

९.४८. मोटरसायकलची किल्ली सौ.ने पदराला बांधून ठेवली आहे. मी मागितली नाही. तिने दिली नाही.

९.५२. दिव्या गच्चीवरून खाली आली. दारातच थांबली. "पप्पा, भाऊ पोचला का?"

९.५५. नोंद कोरी ठेवतो.