आहुप्याच्या धबधब्याचा आगाऊ वृत्तान्त

५ सप्टेंबर २००९, शनिवार. ओतूर

या घरातल्या टॉर्चचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालण्यात आले आहेत. कर्मणी प्रयोग; कर्ता अज्ञात. घरात माणसं दोनच, त्यातला मी नाही. रत्नाला विचारलं. ती म्हणाली, मालिका चालू असताना विचारू नका. मोहिमेच्या तोंडावर साधनसामग्रीची अशी लूट झालेली इतिहासाला ठाऊक नसावी. तसं म्हटलंही. ती म्हणाली, सकाळी जाऊन संध्याकाळी यायचंय ना? मग टॉर्च काय धबधब्यावर मारणार?

मोहीम अशी. पुढचा रविवार, आहुपे, अभयारण्यातला धबधबा. मी, अमजद (बाजारात ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, जीप त्याची) आणि आमचे चिरंजीव. रुपेशला अवसरी फाट्यावर घ्यायचं. तिथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्या महिन्यात दाखल झाला, तेव्हापासून हॉस्टेलला. फोन करतो तो आईला. मी घेतला की 'हं' म्हणतो. अभ्यासात बुडालेला माणूस कमीच बोलणार. दिवसभर जंगलात बरोबर चाललो की आपोआप बोलायला लागेल. योजनेत खोट काढायला जागा नाही.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे चालणे.

६ सप्टेंबर, रविवार

चाललो नाही. नवे बूट चावतात. आधी बूट मऊ करणं आवश्यक. म्हणून दुपारभर बूट घालून खुर्चीत बसलो. रत्नानं विचारलं, बसून मऊ होतात का?

रुपेशला फोन करून बेत सांगितला. म्हणाला, बघतो. म्हणजे उत्साह आहे; मित्रांसमोर दाखवायचा नाही इतकंच. या वयात मीही असाच होतो.

८ सप्टेंबर, मंगळवार

अमजदच्या दुकानी गेलो. तो म्हणाला, सर, रोजे चालू हायेत. घशाला कोरड पडली तरी पाणी प्यायचं न्हाई, आन् तुमी मला धबधब्यावर न्यायला निघालाय. तिथं मी काय नुसता बघत बसू? ईद होऊ द्या राव.

मुद्दा बिनतोड होता. नवी तारीख २७. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. विहारात वंदनेला रुपेश घरी येणारच. फाट्यावरून उचलायचा, धबधबा करायचा, परस्पर घरी आणायचा. खरं तर मूळ योजना हीच असायला हवी होती. अमजदचे आभार मानले. तो म्हणाला, कशाबद्दल?

एक अडचण. रविवारच्या पुरवणीला 'एका दिवसाची भटकंती' देण्याचा शब्द मी देऊन बसलो आहे. मजकूर पुढच्या आठवड्यात हवा.

१५ सप्टेंबर, मंगळवार

लेख लिहून टाकला.

यात गैर काही नाही. शाळेत संस्कृत शिकवून उरलेल्या वेळात वीस वर्षं तालुक्याची वार्ताहरकी करतो आहे. संध्याकाळचा सत्कार दुपारीच 'मोठ्या उत्साहात संपन्न' करून फॅक्स केल्याशिवाय सकाळच्या अंकात लागत नाही, हे इथल्या प्रत्येक सत्कारमूर्तीला ठाऊक आहे. आजवर एकच सत्कार अंगावर आला, तोही मूर्तीच वारल्यामुळे. धबधबा वारायचा नाही.

लेख उत्तम जमलाय. धुकं आहे, देवराई आहे, शेकरू आहे. ("क्षणमात्र दर्शन देऊन ते पर्णसंभारात अंतर्धान पावले.") अमजदभाई भरदुपारी कातळावर बसून ठेचा-भाकरी हाणतात. शेवटी चिरंजीव माझ्याशेजारी बसून म्हणतात, "बाबा, इथून परत जावंसंच वाटत नाही." हे वाक्य तीनदा मोठ्यानं वाचलं. चहा घ्यावा लागला.

पुरवणीवाल्यांना बजावलं, २७ नंतरच छापा. म्हणाले, बघतो.

१७ सप्टेंबर, गुरुवार

चाललो. एसटी स्टँडपर्यंत. परत येताना ढग आले म्हणून रिक्षा केली. पाऊस पडला नाही, पण पडला असता.

आहुप्याला हौशीराम घरगुती जेवण देतात. त्यांना फोन करून २७ ची ताटं सांगून ठेवली. म्हणाले, या की पावणं, पोराला बी आणा. आणतो म्हटलं. त्याचाच तर हट्ट आहे, असंही म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. बोलण्याच्या ओघात.

रुपेशचा आईला मिस्ड कॉल आला. ती फोन घेऊन मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आलीच नाही. काय म्हणाला विचारलं. म्हणाली, काही नाही, बरा आहे. काही नाही म्हणायला इतका वेळ लागतो का? उद्या त्याच्यासाठी बाजारातून चांगली टोपी आणणे.

२० सप्टेंबर, रविवार

लेख आज आला. चांगलं अर्धं पान. फोटो भलत्याच धबधब्याचा आहे, आणि तारीख एक आठवडा आधी आहे, पण आनंद झाला हे नाकारत नाही. हेडमास्तरांचा फोन आला. म्हणाले, या वयात तुमची कमाल आहे. मी 'सवय आहे' म्हणालो.

दुपारी अमजद आला. बसला नाही. म्हणाला, सर, मी रमजानमध्ये भरदुपारी ठेचा-भाकरी हाणली व्हय? मशिदीत एकानं इचारलं, भाकरी बाजरीची व्हती का ज्वारीची? आता खाल्लीच न्हाई तर मी काय सांगू त्याला? घरात शमा तर बोलायची बंद झालीय. म्हणती, छापलंय ते काय खोटं असंल?

मी खुलासा छापायची तयारी दाखवली. तो म्हणाला, नको. तुमी आता काय बी लिहू नका.

२१ सप्टेंबर, सोमवार. ईद

अमजदकडे शीरखुर्मा खाऊन आलो. शमाभाभींनी वाटी हातात दिली आणि विचारलं, सर, सोबत भाकरी आणू का? घरातले सगळे हसले. प्रकरण मिटलं असं धरतो.

घरी आलो तर हौशीरामांचा फोन. ते घोडेगावला आले होते, तिथं कुणीतरी पेपर दाखवला. म्हणाले, आमच्या दारावरनं गेला आन् हाक न्हाई मारली? आमी काय खाल्लं असतं का तुमास्नी? मी म्हटलं, घाई होती. आता २७ ला मी आहुप्याला दुसऱ्यांदा जाणार आहे. पहिल्यांदा कधी गेलो होतो ते लक्षात ठेवलं पाहिजे.

२३ सप्टेंबर, बुधवार

रुपेशला फोन लावला. त्यानं कट केला. परत लावला. हॉस्टेलला नेटवर्क वाईट आहे.

शेवटी उचलला. त्यांच्या मेसमध्ये आपला पेपर येतो म्हणे. पोरं त्याला जिन्यात अडवून शेकरू कसं होतं ते विचारतात. एक जण तर रोज जेवताना म्हणतो, रूप्या, इथून परत जावंसंच वाटत नाही रे. ऐकून मला हसू आलं. पोरं लेख वाचतात ही चांगली गोष्ट आहे, असं म्हटलं.

त्यानं ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, बाबा, त्या लेखातला रुपेश बराय. त्यालाच घेऊन जा. आणि फोन ठेवला.

विनोदबुद्धी माझ्यावर गेलीय. रत्नाला मुद्दाम ऐकवलं. ती हसली नाही. तिला कोरडा विनोद कधीच कळला नाही.

२६ सप्टेंबर, शनिवार

सॅक भरली. दोरी, आयोडीन, शिट्टी, सुकं खोबरं, पंचा, नवी टोपी. अभयारण्यात प्लॅस्टिक चालत नाही म्हणून पाण्याला पितळी कळशी घ्यावी का, यावर बराच विचार केला. उचलून पाहिली. नको.

बूट अजून चावतात. दोन मोजे घालणे.

रत्ना अचानक म्हणाली, मी पण येते. मी म्हटलं, चढ आहे, तुला झेपणार नाही. ती म्हणाली, चढाला कोण येतंय? आणि पुरणपोळ्यांचं बघायला आत गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच पोळ्या कशाला, असं विचारलं. आतून डबा शोधल्याचा आवाज आला.

झोप लागत नाही. उत्साहामुळे असावं.

२७ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळ

धबधबा झाला नाही.

अवसरी फाट्यावर जीप लावली. रुपेश आला. पायात चप्पल, हात मोकळे. वाळलाय. मी विचारलं, बूट कुठंत? म्हणाला, तुम्ही जाऊन या. मी टोपी काढून दिली. त्यानं ती घेतली आणि थँक्यू म्हणाला. मला. परक्या माणसाला म्हणतात तसं.

मग तो आणि रत्ना टपरीच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मी अमजदला आहुप्याच्या दिशेचे ढग दाखवत होतो. आज पाणी भरपूर असेल, असं समजावत होतो. अमजद म्हणाला, सर, ढग कुठं पळून चाललेत? तिकडं जावा की. गेलो. मी पोचलो तशी दोघं गप्प झाली. रुपेश म्हणाला, उद्या यायला जमणार नाही, सबमिशन आहे. दसऱ्याला कसलं सबमिशन, हे ओठावर आलं होतं. विचारलं नाही. तो पोळ्यांचा डबा घेऊन गेला. वळून बघेल म्हणून थांबलो.

हौशीरामांना फोन केला, येत नाही म्हणून. ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या. पेपरात आलात तेवढं बास झालं.

अमजदनं न विचारताच जीप ओतूरच्या रस्त्याला घेतली. नारायणगाव येईपर्यंत रत्ना बाहेर बघत होती. मग म्हणाली, त्याला वर्गात काही कळत नाही. सगळं इंग्रजीत. पहिल्या टेस्टला दोन पेपर कोरे दिले. आता मेसलाही जात नाही. संध्याकाळी हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन एकटाच बसतो.

मला का नाही सांगितलं, असं विचारलं.

ती म्हणाली, मी म्हणत होते सांगू या. तोच म्हणाला, नको. बाबांना काहीही सांगितलं तरी ते त्याचं चांगलं करून लिहितात.

अमजदनं आरसा सरळ केला, उगाचच.

घरी आल्यापासून बूट काढले नाहीत. सकाळच्या पहिल्या एसटीनं अवसरीला जातो. रत्ना म्हणाली, जा, पण जाऊन बोलू नका, नुसते बसा. ते मला जमेल की नाही, सांगता येत नाही. आत्ता संध्याकाळ आहे. तो गच्चीवर असेल. मला फार भीती वाटते.