गोदामातला प्रोग्रॅमर

४ जानेवारी, रविवार
आजपासून प्रोग्रॅमिंग. निर्णय झाला.

काल मेहुणा जेवायला आला होता. सॉफ्टवेअर कंपनीत आहे, त्यामुळे जेवतानाही फोन ताटाशेजारी लागतो. म्हणाला, आमच्याकडे आता डिग्री बघत नाहीत. चार प्रॉब्लेम देतात, त्यांचे प्रोग्रॅम लिहायचे. जमलं की नोकरी. मी विचारलं, कसले प्रॉब्लेम? तर म्हणे अगदी सुरुवातीचे, ॲरे आणि ग्रीडी. ॲरे म्हणजे ओळीने मांडलेले खण. प्रत्येक खणाला नंबर, प्रत्येक खणात एक वस्तू.

मला हसूच आलं. फर्निचरच्या गोदामात सुपरवायझर म्हणून अर्धं आयुष्य गेलं. मी दुसरं केलंय काय? म्हटलं, मग बसतो मी परीक्षेला. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही राहू द्या."

ही खाली मान घालून हसली. मी पाहिलं.

परीक्षा मार्चअखेर. रोज पहाटे पाचला उठणार.

५ जानेवारी
साडेसातला उठलो. पहिल्याच दिवशी शरीरावर जबरदस्ती बरी नव्हे.

९ जानेवारी
नवा कीबोर्ड आणला. टाइप केलं की खणखणीत आवाज येतो, हुरूप वाटतो. शेजारच्या खोलीतून हिने विचारलं, गारा पडतायत का?

प्रॉब्लेम सोडवायच्या वेबसाइटवर नाव नोंदवलं. 'महारथी' आधीच कोणीतरी घेतलेलं. 'महारथी१'सुद्धा. शेवटी 'खरा महारथी' मिळालं. यात संध्याकाळ गेली, पण पाया पक्का हवा.

१३ जानेवारी
पहिला प्रॉब्लेम. ओळीतली सगळ्यात मोठी संख्या शोधा. माझी युक्ती: हातात शून्य घेऊन निघायचं, खणामागून खण बघत जायचं, हातातल्यापेक्षा मोठी दिसली की हातातली टाकून ती घ्यायची. दिमाखात सबमिट केलं. लाल अक्षरं. चुकीचं उत्तर.

त्यांनी मुद्दाम अशी ओळ दिली होती की सगळ्याच संख्या उणे. म्हणजे शून्याहून मोठं काही भेटतच नाही आणि हातातलं शून्य तसंच राहतं. मेहुण्याला फोन केला. म्हणाला, शून्य नका घेऊ, पहिल्या खणातली संख्या हातात घेऊन निघा. मी म्हटलं, प्रश्न तो नाहीच. सगळे खण उणे असतील कशाला? गोदामात कधी उणे तीन कपाटं असतात का?

वेबसाइटला सभ्य भाषेत तक्रार लिहिली. लगेच उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभार. दखल घेतलेली दिसते.

१६ जानेवारी
खणांची मोजणी शून्यापासून असते. म्हणजे पाचव्या खणाचा नंबर चार. मी पाच म्हणत होतो आणि प्रोग्रॅम ओळीच्या बाहेर जाऊन कोसळत होता. हे आधी सांगायला काय होतं? (पहिल्याच पानावर सांगितलंय. पण पहिलं पान कोण वाचतं?)

१९ जानेवारी
नुसत्या अभ्यासाने भागत नाही, अंगात मुरावं लागतं. गोदामातल्या सगळ्या रॅकवर नवे नंबर रंगवून घेतले. शून्यापासून. हमालांना म्हटलं, यंत्रासारखा विचार करा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बदलाला वेळ लागतो.

२० जानेवारी
दवाखान्यात दुमजली पलंग पोचले. वसतिगृहात दवाखान्याच्या फिरत्या खुर्च्या. तिथली मुलं म्हणे खुर्च्या परत द्यायला तयार नाहीत.

मालकांनी बोलावलं. सगळं जग असंच मोजतं, हे मी समजावून सांगितलं. ते म्हणाले, "जगाला मोजू दे. तू थिनर घे आणि रंग काढ." संध्याकाळपर्यंत घासत होतो. काळाच्या पुढे असणाऱ्यांचे हात असेच खराब होतात.

२७ जानेवारी
आज ग्रीडी पद्धत. प्रत्येक पायरीवर जे त्या क्षणी सगळ्यात चांगलं दिसेल ते उचलायचं आणि मागे वळून बघायचं नाही. वाचून अंगावर काटा आला. हा तर माझा स्वभाव! मी आयुष्यभर ग्रीडीच होतो, नाव माहीत नव्हतं.

हिला सांगितलं. म्हणाली, मला लग्नाच्या वर्षीच कळलं होतं. जोडीदाराची पारख असावी तर अशी.

३० जानेवारी
ट्रक ग्रीडी पद्धतीने भरला. सगळ्यात मोठी वस्तू आधी, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. सगळा माल बसला आणि बोट शिरायला फट उरली नाही. फोटो काढून मेहुण्याला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

३१ जानेवारी
ट्रक फारच उशिरा परतला. पहिल्याच पत्त्यावर कपाट द्यायचं होतं. कपाट सगळ्यात मोठं, म्हणून सगळ्यात आधी चढलेलं, म्हणून सगळ्यात आत. ड्रायव्हरने भर रस्त्यात अख्खा ट्रक रिकामा केला. कपाट दिलं, ट्रक पुन्हा भरला. पुढच्या पत्त्यावर सोफा. तोही आत.

ड्रायव्हरने ट्रकची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि दोन्ही पाय पसरून जमिनीवर बसून राहिला. मी सांगून पाहिलं की प्रॉब्लेममध्ये उतरवण्याबद्दल काही लिहिलेलंच नव्हतं. त्याने डोळे मिटून घेतले.

८ फेब्रुवारी, रविवार
कालचा प्रॉब्लेम असा. दिवसभरात बरेच कार्यक्रम आहेत, प्रत्येकाची सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ दिली आहे. जास्तीत जास्त कार्यक्रमांना हजर कसं राहाल? मी म्हटलं, जो आधी सुरू होतो त्याला आधी जायचं. सरळ आहे. वेबसाइट म्हणे चूक.

माझा वेबसाइटपेक्षा आयुष्यावर विश्वास. आज प्रयोग करून पाहिला. आठला सोसायटीची मीटिंग, दहाला सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, बाराला मुलीची पोहण्याची शर्यत, तीनला हिच्या मैत्रिणीकडे चहा. आठला मीटिंगला जाऊन बसलो. पाण्याची टाकी कोणामुळे गळते यावर साडेचारपर्यंत चर्चा चालली. टाकी अजून गळते आहे.

सासऱ्यांना ही एकटीच घेऊन गेली आणि तिथून धावत शर्यतीला. लेक दुसरी आली. घरी आलो तेव्हा पदक फ्रीजच्या हँडलला लटकत होतं. म्हटलं, बघू बघू! लेक म्हणाली, "बघा की, तिथेच आहे." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. अगदी हळू. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

९ फेब्रुवारी
वेबसाइटवरचं उत्तर वाचलं. जो कार्यक्रम आधी संपतो तो आधी घ्यायचा, म्हणजे पुढच्यांना वेळ उरतो. जसंच्या तसं टाइप केलं. हिरवं!

लेकीला उत्साहाने सांगायला गेलो. म्हणाली, "बाबा, हे कळायला वेबसाइट लागते?" तेराव्या वर्षी मुलं फटकळ होतातच.

२१ फेब्रुवारी
हिरव्या खुणा आता बऱ्याच झाल्या. बहुतेकांची उत्तरं आधी वाचली होती, पण वाचणं म्हणजे अभ्यासच. बोटंही आता भराभर चालतात.

२३ फेब्रुवारी
राजीनामा दिला. महिनाभर आधी सांगावं लागतं, मग परीक्षेपर्यंत थांबून उगाच वेळ का घालवा?

मालकांनी पत्र उभ्यानेच वाचलं. "नक्की ना?" असं पुन्हा पुन्हा विचारलं. मग स्वतःच्या तोंडाने माझ्यासाठी चहा मागवला. डोळ्यांत पाणी होतं. माणूस वरून कठोर, पण आतून किती हळवा!

हिला अजून सांगितलं नाही. सरप्राइज.

२६ फेब्रुवारी
सरप्राइज फुटलं. ही फिजिओथेरपिस्ट आहे आणि मालकांची बायको गुडघ्याच्या व्यायामासाठी हिच्याकडेच येते, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

संध्याकाळभर ही कपड्यांच्या घड्या करत राहिली. शेवटी एवढंच विचारलं, "परीक्षा झाल्यावर देता आला नसता?" मी म्हटलं, अगं, ग्रीडीमध्ये मागे बघायचं नसतं. ती म्हणाली, "मागे नको. पुढे तरी बघा."

यावर काय बोलावं सुचलं नाही. उत्तरं आधी वाचायची सवय झाली की असं होतं.

२३ मार्च
निरोप समारंभ. सगळ्यांनी मिळून लॅपटॉपची बॅग दिली. मी तंत्रज्ञान आणि माणूस या विषयावर बोललो. मध्येच टाळ्या झाल्या, मला वाटलं वाक्य आवडलं, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. सगळ्यात जास्त वेळ ड्रायव्हर टाळ्या वाजवत होता. जाताना मालकांनी स्वतः फाटक उघडून धरलं.

२८ मार्च, शनिवार
परीक्षा झाली. घरूनच, कॅमेऱ्यासमोर.

हिने सकाळीच मिक्सर उरकून घेतला. लेकीने दारावर 'शांतता राखा' असा कागद चिकटवला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. जाताना म्हणाली, घाबरू नका बाबा. घाबरतोय कोण? पण अर्धा तांब्या तिथेच संपवला.

पहिला प्रॉब्लेम बघताच आनंदाने उडालो. ओळखीचा! याचं उत्तर मी वाचलं होतं. हिरवी खूणही आठवत होती. उत्तर तेवढं आठवेना. दुसऱ्यात उण्या संख्यांची पुरेपूर काळजी घेतली. तिसऱ्याला बराच वेळ दिला. चौथा उघडायच्या आत घड्याळ संपलं, त्यात माझा दोष नाही.

हिने विचारलं, पेपर कसा गेला? म्हटलं, दोन तर खिशात. तिने सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला.

३० मार्च
मेहुणा आला. आज फोन खिशातून काढलाच नाही. आधी स्वयंपाकघरात बहिणीशी बोलला. नळ पूर्ण सोडल्याचा आवाज आला, म्हणजे मला ऐकू जाऊ नये असं काहीतरी होतं.

शून्य. दुसऱ्यात ओळ पूर्ण रिकामी असली तर काय, हे मी पाहिलं नव्हतं. पहिल्या आणि तिसऱ्यात काय चुकलं ते त्याने सांगितलं, मला समजलं नाही.

तो म्हणाला, "भाऊजी, चूक माझी. जेवताना मीच विषय काढला." त्याने चेष्टा केली असती तर मी भांडलो असतो. भांडायला बसलोच होतो. पण तो इतकं सांभाळून बोलत होता की मान खाली गेली.

तो गेल्यावर ही शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मालकांना फोन करा. मी करणार नाही, तुम्हीच करा."

१ एप्रिल
फोन केला. मालकांना म्हटलं, परत कामावर येतो. मग त्यांनी विचारलं, आज तारीख काय? मी म्हटलं, चेष्टा नाही, खरंच येतो. माझ्या जागी नवा माणूस आलाय आणि माल वेळेवर पोचतोय, असं ते म्हणाले. हे सांगायची काही गरज नव्हती.

शेवटी म्हणाले, ये. परत आलेल्या मालाच्या काउंटरवर बस. तिथे कोणी टिकत नाही.

६ एप्रिल
काउंटरचा पहिला दिवस. लोक येतात, वस्तू परत करतात, भांडतात. दुपारी एक बाई टेम्पोतून अभ्यासाचं टेबल घेऊन आल्या. अजून प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. का परत करताय, विचारलं.

म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी प्रोग्रॅमिंग शिकायचं म्हणून हौसेने घेतलं. म्हणे रोज पहाटे पाचला उठणार. एकदा बसले असतील तर शपथ. सांगा, टेबलाची उंची चुकली का? ते म्हणतात, टेबलच बरोबर नाही."

मी टेप काढली. उंची मोजली, पाय हलवून पाहिले, खण उघडून मिटले. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

टेबलात काही दोष नव्हता.

मी बाईंना म्हटलं, "बरोबर आहे त्यांचं. थोडं हलतंय." आणि टेबल ठेवून घेतलं.