तळ्यापलीकडे पाठवलेला निरोप

१४ एप्रिल १७८२

दक्षिणेकडून बर्फावरून एक घसरगाडी आली. माणसं तीन, चालणारी एकच — एक बाई. तिचा नवरा गाडीवर, कातड्यांच्या गठ्ठ्यांवर झोपवलेला. चेहरा ओळखू येत नव्हता. फोडांवर फोड. त्याच्या पायांशी मुलगी. ती वाटेतच गेली होती. बाईला माहीत होतं, तरी गुंडाळून आणली होती.

वापोसमामाने त्या माणसाला पाठीवर घेऊन वखारीत आणलं. दुसरं कोणी पुढे होईना.

वखारीचा मुख्य हार्कससाहेब दारातून म्हणाला, "देवी." एवढंच. आणि स्वतःच्या गालावरचे जुने वण चाचपले.

१५ एप्रिल

माणूस गेला. जमीन अजून गोठून दगड आहे. लाकडांखाली ठेवला.

१७ एप्रिल

आज बाईही गेली. सकाळी थोडं बोलली. तिकडे तंबू उभे आहेत म्हणाली, पण धूर नाही. कुत्री आत जातात, बाहेर येतात. मी विचारलं, किती तंबू? तिने बोटं वर केली. मग एकेक मिटली. "सगळे."

साहेबाने त्यांच्या गाडीवरची कातडी धुरी देऊन माळ्यावर टाकायला लावली. उत्तम बीव्हरची कातडी, म्हणाला; व्यापारात तिलाच भाव. त्याला भीती नाही. त्याला लहानपणी समुद्रापलीकडच्या त्याच्या बेटावर देवी येऊन गेल्यात, त्या दुसऱ्यांदा येत नाहीत. माझे बाबाही तिकडूनच आलेले; त्यांच्या गालांवरही तसेच खड्डे होते. मी लहानपणी त्यांत बोट घालून हसायचे. ते हसायचे नाहीत.

मी आईसारखी, इथलीच. माझे गाल गुळगुळीत आहेत.

१८ एप्रिल

मूस हरणाचं कातडं घासत होते. हात चालेना. सारखी सिसिप डोळ्यांसमोर.

माझी धाकटी बहीण. आई एक, बाप वेगळा. तळ्यापलीकडे सहा दिवसांच्या वाटेवर त्यांचा मुक्काम — अठरा माणसं, त्यांत सिसिपची दोन मुलं. दर वर्षी नदी मोकळी झाली की होड्या घेऊन इथे येतात. हिवाळाभराची कातडी, सुकं मांस. आणि सिसिप लांबूनच ओरडते, "ताई, माझा चहा कुठंय?"

या वर्षीही येतील. सरळ इथे! या दारात!

१९ एप्रिल

साहेबाने बोलावलं. दुभाषी म्हणून.

"वापोसला तंबाखू देऊन तळ्यापलीकडे धाड. बर्फ आहे तोवर या म्हणावं. आजाराचं काही बोलायचं नाही."

"साहेब, ती माणसं मरतील."

"नाही आली तर आपण मरू. मासे किती उरलेत ते तू पाहिलंस. आणि इथून नेलेला दारूगोळा संपल्यावर ती तरी कशाने शिकार करणार?"

ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो बसून, सावकाश बोलला. आणि त्याचं सगळंच खोटं नव्हतं.

इथे कोणी तंबाखू पाठवली की ते बोलावणं. हातात घेतली की जावंच लागतं. सिसिपचा नवरा घेणार. तो नाही म्हणणारा नाही.

२० एप्रिल

केलं! साहेबाच्या तोंडासमोर केलं.

मामा दाराशी उभा, साहेब टेबलाशी. मी आमच्या भाषेत म्हणाले, "मामा, हसत राहा. साहेबाकडे बघू नकोस."

"या दातांनी हसलो तर साहेब पळून जाईल, पोरी."

"तंबाखू वाटेत बर्फात पूर. त्यांना देऊ नकोस. सिसिपला सांग, इकडे येऊ नका. इथे मरण आहे. उत्तरेला जा, पांगून जा, वर्षभर कुणाला भेटू नका."

मामा हसतच होता. "मग जायचंच कशाला? दोन दिवस रानात पडून राहतो. परत येऊन सांगतो, तळ्यावरचा बर्फ मऊ झालाय. एवढं चालायचा कंटाळाच आलाय बघ."

"आणि ती आपली आपण आली तर? नदी मोकळी झाली की निघतील. नाही मामा. तू जाच."

"तुझ्या आईसारखीच आहेस. तीही मला असंच पळवायची."

साहेब म्हणाला, "माझं एक वाक्य होतं. एवढं काय बोललीस?"

"आमच्यात मानाने बोलायचं म्हणजे वेळ लागतो, साहेब."

त्याला आमची भाषा खरंच येत नाही ना? सात वर्षं आहे इथे. थोडीफार तरी येत असेल!

२१ एप्रिल

मामा उजाडताच गेला. बर्फातले जोडे मीच विणलेले. वाद्या दोनदा ओढून पाहिल्या.

२४ एप्रिल

ही वही साहेबाच्या हाती लागली तर? कातड्यांच्या चिंध्यांत खुपसून ठेवते आहे.

२७ एप्रिल

अंगणातल्या तंबूतली म्हातारी तापली. पाठ धरलीय, डोकं फुटतंय म्हणते. शेवटच्या दिवसांत तिनेच त्या बाईला पाणी पाजलं, पुसून घेतलं. कालपर्यंत ठणठणीत होती. लाकडं फोडत होती!

२९ एप्रिल

म्हातारीच्या तोंडात फोड आले. आता कपाळावर.

म्हणजे हे आत शिरतं आणि गप्प बसतं. दहा-बारा दिवस कळतही नाही.

मामाने त्या माणसाला पाठीवर घेतलं होतं.

३० एप्रिल

मामा दणकट आहे. मामाला काही होत नाही.

झालंच, तरी तो शहाणा आहे. वाटेतच कळेल त्याला. तंबूंच्या जवळ जाणार नाही, लांब उभा राहून ओरडून निरोप सांगेल आणि मागे फिरेल. आवाज केवढा आहे त्याचा! हो. तसंच करेल.

२ मे

तसंच करेल.

११ मे

म्हातारी गेली. आणखी दोघं पडलीत. मी रोज सकाळी आधी जीभ तपासते, मग हात.

१९ मे

नदी फुटली. बर्फ दिवसभर गडगडत खाली जातोय. मी काठावर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजाची भीती वाटली. आता वाट मोकळी.

२८ मे

होड्या नाहीत.

१ जून

होड्या नाहीत. साहेबाने मला दारात गाठलं.

"वापोसला तू काय सांगितलं होतंस?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"तुझा बाप खोटं बोलताना असाच जमिनीकडे बघायचा."

मला हाकलेल. हाकलू दे. होड्या आल्या नाहीत! सिसिपने ऐकलं! आज कितीतरी दिवसांनी पोटभर मासा खाल्ला.

९ जून

मामा आला. एकटा. मी ओळखलं नाही — त्याने हाक मारली तेव्हा आवाजावरून कळलं. तोंडभर खड्डे, एक डोळा पांढरा.

"निरोप दिला, पोरी. तू सांगितलास तसाच."

"सिसिप?"

तो खाली बसला. पोचला त्या दिवशी नुसतं डोकं दुखत होतं त्याचं. चालून दुखतंय, असं त्याला वाटलं. सिसिपने आत बसवलं, पाणी दिलं. चिलीम पेटली. आल्या माणसाबरोबर सगळ्यांनी चिलीम ओढल्याशिवाय निरोप ऐकत नाहीत. चिलीम फिरली, तोंडातोंडातून. मग मामाने सांगितलं — इथे मरण आहे, कुणाला भेटू नका.

तिसऱ्या दिवशी त्याला फोड आले. त्यांनी त्याला टाकलं नाही. पुढे एकेक जण पडू लागला, तसे तापल्या दगडांच्या वाफेत बसले आणि तसेच नदीत उतरले. ताप असाच उतरवतात आमच्यात. बरेच पाण्यातून वर आलेच नाहीत.

अठरांतलं कोणी नाही. सिसिपची मुलंही नाहीत.

लांबून ओरडून निरोप सांगेल म्हणे! असं इथे कोणी करत नाही. आईने शिकवलं होतं मला. मी वखारीत वाढलेली — विसरले.

१० जून

मामा आज आणखी एक बोलला. तो पोचला तेव्हा त्यांचे तंबू उतरवलेले होते. दक्षिणेकडची बातमी त्यांना कधीच लागली होती. त्याच सकाळी उत्तरेला निघायचं होतं. मामा येताना दिसला म्हणून सिसिपने तंबू पुन्हा उभे करायला लावले.