ॲश्लिनच्या थुंकीने आणलेले पाहुणे

बर्थाबाय,

इथे दोह्याच्या घरी कोणी पोपटराव आला, मागून बायको अंजना, हातात पेढे. म्हणे, "आजी, आम्ही तुमचे भाऊबंद!" मी दार अर्धंच उघडलं. वसईच्या आपल्या वाडीवर डोळा असणार, दुसरं काय! आपल्या नातीने, ॲश्लिनने, डीएनए तपासायला थुंकी पाठवली होती ना, ती म्हणे ह्यांच्या मुलीशी, ममताशी जुळली. ही हिंदू माणसं, वसईकडचीच, ड्रायव्हरकीला इथे आलेली. आणि त्याच तपासणीत निघालं, पोर्तुगीज रक्त तुमच्या घराण्यात थेंबभर नाही गं! कुठल्या पूर्वजाच्या बाप्तिस्म्याला गॉडफादर म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीज साहेबाचं आडनाव तेवढं चिकटलं. आणि तू जन्मभर मला नाक मुरडलंस, आम्ही लिस्बनचे म्हणून!

मी मुद्दाम विचारलं, "तुमच्यात लग्नात जेवणाचं पहिलं पान कोणाला?"

"विहिरीला," अंजना म्हणाली, "वर चिमूटभर सुकट."

सुकट! हे गावात आपल्या घराशिवाय कोणी करत नाही. तरी मी म्हटलं, "वाडी मिळायची नाही हां."

पोपटराव हसला. "वाडी नको, आजी. ममताचं लग्न आहे. पान ठेवायला घरची म्हातारी लागते, आमच्यात कोणी उरली नाही."

मी कधी हो म्हटलं, मलाच कळलं नाही. तुझं बीपी वाढेल, म्हणून हे पत्र टाकत नाही. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधल्या मिस्सानंतर ममताला घेऊन येतो म्हणालेत.

तुझी वयनी,
एमिल्डा